पाठीला तेल लावणारा हात

शहादा-लोणखेडा भागात कुणाच्या कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात लालसर चट्टे उठले आणि त्यावर चंदेरी पापुद्रे सुटू लागले, की शेजारपाजारचा एक सल्ला हमखास येतो: उनपदेवाला जाऊन आंघोळ करून ये. सातपुड्याच्या पायथ्याला, शहादा तालुक्यातच हा ऊन पाण्याचा झरा आहे. याच नावाचा दुसरा झरा चोपडा तालुक्यात अडावदजवळ आहे. त्वचेच्या तक्रारी घेऊन लोक दोन्हीकडे जातात. मग ज्याला सोरायसिस आहे त्याने जावं का? जरूर जावं. मात्र तिथे काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे समजून जावं, आणि पिशवीत टॉवेलाबरोबर खोबरेल तेलाची बाटलीही ठेवावी.

कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसलं की पापुद्रे मऊ होतात, अलगद सुटतात, खाज काही तास दबते. एवढं पाणी खरोखर करतं. पण तेच पाणी कातडीचं स्वतःचं तेलही धुऊन नेतं. अंग तसंच वाऱ्यावर वाळू दिलं तर तासाभरात कातडी ताणते, भेगाळते आणि घरी येईपर्यंत खाज दुपटीने परतते. म्हणून अंग टिपून, ते ओलसर असतानाच तेल लावायचं. भेगांतून रक्त किंवा पू येत असेल तर सगळे उतरतात त्या कुंडात उतरू नका. बादलीत पाणी घेऊन बाजूला आंघोळ करा. रक्तदाबाचा, हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी फार ऊन पाण्यात बसू नये.

मृत समुद्राचं उदाहरण या बाबतीत नेहमी दिलं जातं. इस्राएल आणि जॉर्डनच्या मधला हा खारा तलाव समुद्रसपाटीच्या चारशे मीटरहून अधिक खाली आहे. तिथे ऊन हवेच्या जास्त जाड थरातून गाळून येतं, त्यामुळे अंग न भाजता उन्हात जास्त वेळ बसता येतं. रुग्ण तिथे तीन-तीन, चार-चार आठवडे राहतात. त्यांना आराम पडतो यात शंका नाही. पण त्यात खाऱ्या पाण्याचा वाटा किती, उन्हाचा किती, आणि घरची कटकट मागे ठेवून आल्याचा किती, हे वेगळं काढणं कठीण. आइसलंडचं ब्लू लगून तर मुळात जमिनीखालच्या उष्णतेवर चालणाऱ्या वीज केंद्राने सोडलेल्या पाण्याचं तळं. १९८१ साली सोरायसिस असलेला एक माणूस त्यात उतरू लागला, त्याला बरं वाटलं आणि तळ्याचं नाव झालं. पुढे तिथेही सोरायसिसवर उपचार करताना पाण्याच्या जोडीला अतिनील किरणांचे दिवे वापरू लागले. मिठाच्या पाण्यातली आंघोळ आणि नंतर असे दिवे, यावरच्या आठ चाचण्या २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने एकत्र तपासल्या. नुसत्या दिव्यांपेक्षा दोन्ही मिळून थोडा जास्त फायदा होत असावा, पण पुरावा कच्चा आहे, असं त्यातून निघालं.

तेव्हा उनपदेवाला वर्षातून एकदा जाणं ही सहल म्हणून चांगली गोष्ट आहे. आजाराची काळजी मात्र उरलेल्या दिवसांत, घरच्या मोरीत घ्यावी लागते. आणि तिथे एक अडचण असते जी कुठल्याच पुस्तकात लिहिलेली नसते: सोरायसिसचे चट्टे पाठीवर, कमरेच्या मागे, डोक्याच्या मागच्या बाजूला असतात, आणि स्वतःचा हात तिथे पोचत नाही. औषधाशिवायची काळजी म्हणजे बरीचशी दुसऱ्या कुणीतरी करायची काळजी. हा लेख म्हणूनच रुग्णापेक्षा त्याच्या घरच्यांसाठी जास्त आहे. डॉक्टरांनी दिलेली मलमं, गोळ्या चालू ठेवूनच यातलं सगळं करायचं आहे. त्यांच्या ऐवजी नाही.

आधी आजार ओळखू. आपली कातडी साधारण महिन्याभरात नवी होते. खालून आलेल्या पेशी हळूहळू वर सरकतात आणि न दिसता झडून जातात. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षणयंत्रणा बिथरते आणि हेच काम काही दिवसांत उरकायला लागते. पेशी पिकायच्या आतच वर येऊन साचतात, त्याच त्या खपल्या. यात जंतू नाही. रुग्णाच्या ताटात जेवलं, त्याच्या अंथरुणात झोपलं, त्याचा कंगवा वापरला, तरी तो दुसऱ्याला होत नाही. जागतिक आरोग्य सभेने २०१४ मध्ये सोरायसिसवर खास ठराव केला आणि या आजाराने माणसाच्या वाट्याला येणाऱ्या भेदभावाचाही त्यात विचार केला. ठराव जिनिव्हात झाला. आपल्याकडे अजून लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस पत्रावळ थोडी बाजूला सरकवतो.

सोरायसिससारखे दिसणारे इतर आजारही आहेत, त्यामुळे निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या. खरजेत रात्री खाज वाढते आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदम होते. गजकर्णाची कड उठून दिसते आणि मधला भाग बरा होत जातो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही. सोरायसिसच्या चट्ट्यावर चांगला कळतो. आशाताई कुष्ठरोगाच्या शोधमोहिमेत घरी आल्या तर चट्टे लपवू नका, दाखवा. कुष्ठरोग निघाला तरी तो औषधांनी पूर्ण बरा होतो, आणि नाही निघाला तर गावातली कुजबुज एका वाक्यात थांबते. 

मोरी, तेल आणि चूल

आंघोळ रोज एकदा, कोमट पाण्याने, दहा-पंधरा मिनिटांत आटोपायची. कडकडीत पाणी नको, थंडीत तर मुळीच नको. वज्री, घासणी, काथ्या बंद. पापुद्रे खरवडून काढले की खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात, आणि ती जागा आणखी जोमाने खपली धरते. कपड्यांचा साबण अंगाला लावायची सवय अनेक घरांत आहे, ती सोडा. अंगाचा साबणही फक्त काखेत, जांघेत, पायाला. चट्ट्यांवर नुसतं पाणी पुरे. बोअरचं पाणी जड असेल आणि साबणाचा फेस धरत नसेल, तर साबण आणखीच कमी वापरा, कारण त्याचा थर कातडीवर राहतो आणि ती चरचरते.

आंघोळीनंतर अंग पुसू नका, सुती पंच्याने टिपा. दोन-तीन मिनिटांच्या आत तेल किंवा पांढरं व्हॅसलीन लावा. खोबरेल चांगलं, व्हॅसलीन त्याहून जास्त वेळ टिकतं, महागड्या क्रीमची गरज नाही. वास घातलेली तेलं, मोहरीचं तेल, लिंबू, लसणाचा लेप, रॉकेल यांतलं काहीही नको. लसणाने आणि रॉकेलने कातडी भाजलेली माणसं दवाखान्यांत येतात. चोळायचं नाही, केसांच्या दिशेने, वरून खाली, अलगद हात फिरवायचा. दिवसातून दोनदा, झोपताना एकदा तरी.

किती लावायचं यात बहुतेक घरं चुकतात. बोटभर घेऊन साऱ्या पाठीला पुरवतात. सगळ्या अंगाला रोज दोनदा लावायचं तर मोठ्या माणसाला आठवड्याला पाव ते अर्धा किलो लागतं. चट्टे थोडेच असतील तर अर्थात कमी. पण लावल्यावर कातडी चमकली पाहिजे, हा अंदाज ठेवा. महिन्याच्या किराण्यात हे तेल वेगळं लिहा, नाहीतर फोडणीच्या तेलात त्याचा हिशोब हरवतो आणि पहिली काटकसर तिथेच होते.

आता इशारा, आणि तो गंभीर आहे. तेल-व्हॅसलीन मुरलेलं कापड पटकन पेटतं आणि धुतल्यावरही ते पूर्ण निघत नाही. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईला सोरायसिस असेल तर तेल रात्री जेवणं झाल्यावर लावावं, सकाळी चुलीपुढचं काम उरकल्यावर लावावं, आणि तेलकट पदर घेऊन चुलीपुढे बसू नये. तेल लावून अंथरुणात बिडी ओढणं हा तर जीवाशी खेळ. मोरीची फरशीही निसरडी होते. म्हातारं माणूस असेल तर खाली पोतं टाका.

डोक्यातल्या खपल्यांना वेगळी युक्ती लागते. रात्री कोमट खोबरेल केसांत भांग पाडत पाडत मुळाशी लावा, जुना कपडा बांधून झोपा, सकाळी सौम्य शाम्पूने धुवा. सुटलेला कोंडा मोठ्या दात्यांच्या कंगव्याने आडवा धरून काढा. न सुटलेला ओढू नका, त्याबरोबर केसही येतात. हे काम आईने, बायकोने, मुलीने किंवा मुलानेही करावं; बापाच्या डोक्याला तेल लावायला मुलग्यांना काय हरकत आहे? दर महिन्याला त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो काढून ठेवा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही आणि डॉक्टरांना आठवणीपेक्षा फोटो उपयोगी पडतो. रुग्णाचा बोटांसकट एक तळवा म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का, या मापाने चट्टे मोजता येतात.

जिथे खरचटतं तिथे उगवतं

सोरायसिसची एक खोड आहे. कातडीला जिथे इजा होते तिथे, साधारण दोन आठवड्यांत, नवा चट्टा उठू शकतो. हाइनरिश कोबनर या जर्मन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात हे टिपलं आणि आजही त्याला त्यांचंच नाव आहे. आपल्या भागात ही इजा कुठून येते याची यादी जर्मनीतल्यापेक्षा फार वेगळी निघते.

परकराची नाडी हे पहिलं कारण. कमरेवर वर्षानुवर्षं एकाच जागी काचते. नाडीऐवजी रुंद सुती पट्टी लावा, गाठ रोज वेगळ्या बाजूला घ्या. पुरुषांचा पट्टा, घट्ट मोजे, पायातले जड वाळे यांचंही तसंच. गोंदण हा भिल्ल आणि पावरा घरांतला जुना दागिना, आता जत्रेत मशीनने करतात. ज्याला सोरायसिस आहे त्याने ते टाळावं, कारण नक्षीच्या रेषांवरच खपल्या उठू शकतात. होळीला बुध्या होऊन नाचणाऱ्या तरुणांनी, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधायच्या आधी खाली मऊ सुती कापड गुंडाळावं, अंगाला राख फासायच्या आधी तेलाचा हात फिरवावा, आणि होळीच्या जाळापासून लांबच नाचावं. नाचू नको असं कुणी सांगू नये. सोरायसिसच्या माणसाला आधीच पुष्कळ ठिकाणांहून मागे ओढलेलं असतं.

प्रकाशा गावात तापीकाठी दहाव्याला डोकं भादरायचं असतं, तिथे वस्तऱ्याने कापलं की पुढे महिनाभर त्रास. केस मशीनने बारीक करून घ्या. विधी करणाऱ्या गुरुजींना आधी सांगितलं की सहसा अडत नाही. रोजच्या दाढीलाही हेच. न्हाव्याने नाही म्हटलं तर घरच्या कुणीतरी सोबत जाऊन समजावा, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा.

शेतातली इजा टाळणं सगळ्यांत कठीण, कारण पोट त्यावर आहे. उसाची पात कापते, पपईचा चीक भाजतो, केळीच्या चिकाने हात काळे पडून भेगाळतात, आणि नंदुरबारच्या पथारीवर मिरची पसरणाऱ्या हाताला भेग असेल तर त्या आगीचं वर्णन करायला नको. पूर्ण बाह्यांचा जुना सुती शर्ट, आत सुती आणि वर रबरी असे दोन हातमोजे, घरी आल्यावर लगेच हात धुऊन तेल. शक्य असेल तर मुकादमाशी किंवा शेतमालकाशी बोलून तोडणीऐवजी मोजणी, भरणी असं काम मागा. मागायला रुग्ण लाजतो; भावाने मागावं.

उन्हाची गोष्ट वेगळी. पुष्कळांना उन्हाने फायदा होतो, काहींना उलट त्रास होतो. सकाळी नऊच्या सुमाराला पाच मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू पंधरा-वीसपर्यंत, चट्टे उघडे ठेवून, चेहरा झाकून. चैत्र-वैशाखात इथला पारा चाळीस ओलांडतो, त्या दुपारी मुळीच नाही. भाजलेली कातडी हीसुद्धा इजाच. गोळ्या चालू असतील तर उन्हाबद्दल आधी विचारून घ्या. आणि बावचीच्या तेलाबाबत सावध राहा. बावचीत सोरालेन असतं, जे कातडीला उन्हासाठी हळवी करतं. याच द्रव्याच्या जोरावर १९७४ पासून आधुनिक वैद्यकात दिव्यांची एक उपचारपद्धती चालते. पण तिथे मात्रा मोजलेली असते, किरणही मोजलेले असतात. घरी तेल फासून अंगणात बसलं तर दुसऱ्या दिवशी फोड येतात. वनस्पतीचं आहे म्हणून निरुपद्रवी, हा हिशोब इथे चुकतो.

पुडीत काय आहे

बाजारात, यात्रेत, एसटी स्टँडजवळ सोरायसिसवर हमखास गुणाची पुडी मिळते. चार दिवसांत खपल्या जातात, खाजही जाते, भूक मात्र वाढते, महिन्याभरात तोंड गोल आणि सुजलेलं दिसायला लागतं. अशा पुडीत किंवा इंजेक्शनात स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी. ते एकाएकी बंद केलं की आजार नुसता परत येत नाही, सगळ्या अंगावर उसळतो, कधी पुवाचे बारीक फोड घेऊन. दुकानातून स्वतःच आणलेल्या तिहेरी मिश्रणाच्या ट्यूबही याच जातीच्या. असं काही चालू असेल तर स्वतःहून झटक्यात थांबवू नका. पुडी, बाटली, ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कमी करतील.

भगताकडे जायचं की नाही यावर घरात भांडू नका. मनाला धीर मिळत असेल तर जावं. फक्त एक अट घाला: अंगाला लावायचं किंवा पोटात घ्यायचं जे काही मिळेल, ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही. आधीपासून आयुर्वेदिक काढा चालू असेल तर तोही लपवू नका; यकृतावर ताण आणणाऱ्या गोळ्या दिल्या जाणार असतील तर डॉक्टरांना ते कळायलाच हवं. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि हिवतापावरच्या क्लोरोक्विनसारख्या गोळ्यांनीही सोरायसिस उसळू शकतो. ताप आला तर औषध घ्यायचंच, पण सोरायसिस आहे हे आधी सांगून.

पथ्याबद्दल थोडक्यात, कारण यावर जितकं बोललं जातं तितका त्यात दम नाही. वांगं, आंबट, मासे-दूध, मीठ यांनी सगळ्यांचा सोरायसिस वाढतो याला पुरावा नाही. एखाद्याला एखाद्या पदार्थाने दर वेळी त्रास होत असेल तर त्याने तो सोडावा, घरच्यांनी भरीत बंद करू नये. ज्याने खरोखर फरक पडतो ते वजन. जाड माणसाचं वजन उतरलं की चट्टेही उतरतात, औषधंही जास्त लागू पडतात, हे चाचण्यांत दिसलं आहे. तेव्हा ज्वारीची भाकरी, डाळ, भाजी पोटभर. शेव, फरसाण, गोड चहा कमी. आणि संध्याकाळी चालणं, एकट्याने नाही, कुणाला तरी सोबत घेऊन. दारू, मग ती दुकानातली असो की मोहाची, सोरायसिस वाढवते, आणि सोरायसिसवरची मेथोट्रेक्सेट ही गोळी चालू असेल तर यकृताला घातक ठरते. बिडीचंही तेच, तळहात-तळपायांवर पुवाचे फोड येणाऱ्या प्रकारात तर धूम्रपानाचा संबंध फार स्पष्ट आहे. वर्षातून एकदा साखर, रक्तदाब, चरबी तपासा, कारण या रुग्णांना मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

खाजेइतकीच शरम

आजार वाढला की मन खचतं, मन खचलं की आजार वाढतो. हे चक्र नुसतं बोलण्यापुरतं नाही. अमेरिकेत जॉन काबाट-झिन यांनी १९९८ मध्ये ३७ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांवर दिव्यांचे उपचार चालू होते, पण निम्म्यांना दिव्याखाली उभं असताना ध्यानाची ध्वनिफीत ऐकवली. त्यांची कातडी बरीच लवकर साफ झाली. अभ्यास लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण दिवसातून दहा मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देणं, किंवा हरिपाठाला जाऊन बसणं, यात गमावण्यासारखं काय आहे?

घरच्यांनी करायचं ते याहून सोपं आणि याहून अवघड आहे. रुग्णाला शिवा. त्याचं ताट-वाटी वेगळं ठेवू नका, टॉवेल वेगळ्या दोरीवर वाळत घालू नका. लहान नातवंडाला आजीच्या मांडीवरून उचलून घेऊ नका. अंथरुणावर पडलेला कोंडा सकाळी झाडताना तोंड वाकडं करू नका. गडद चादरीऐवजी फिकट चादर घातली की तो दिसतही नाही. पाहुण्यांनी विचारलं तर उत्तर रुग्णाला द्यायला लावू नका. घरातल्या कुणीतरी एक वाक्य तयार ठेवावं: “नाना, संसर्गाचं नाही हे, बसा तुम्ही, चहा घ्या.” तेवढ्याने पुष्कळ बैठकी सुरळीत होतात. रुग्णाची झोप उडाली, जेवण तुटलं, जगण्यात राम नाही असं तो बोलू लागला, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लावून द्या. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

सोयरीक जमवताना आजार लपवू नका. लपवलेला चट्टा लग्नानंतर आठ दिवसांत दिसतो आणि मग भांडण आजाराचं राहत नाही, फसवणुकीचं होतं. सांगताना पूर्ण सांगा: दुसऱ्याला लागत नाही, संसार होतो, मुलं होतात. मुलांना होईल का, हा प्रश्न येणारच. आई-बापांपैकी एकाला असेल तर शक्यता थोडी वाढते, दोघांना असेल तर जास्त. पण एकाच बीजाच्या जुळ्या भावंडांतही एकाला होतो आणि दुसऱ्याला होत नाही, असं घडतं. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, कारण काही गोळ्या गर्भासाठी धोक्याच्या आहेत आणि त्या बऱ्याच आधी थांबवाव्या लागतात.

आश्रमशाळेतल्या मुलांची गोष्ट वेगळी आणि जास्त तातडीची. वसतिगृहात मुलाच्या अंगावर चट्टे दिसले की खरूज समजून त्याचं अंथरूण व्हरांड्यात जातं, खरजेचं औषध पुन्हा पुन्हा अंगाला फासलं जातं, त्याने कातडी आणखी बिघडते. घसा दुखून ताप आल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मुलाच्या अंगावर थेंबाथेंबांएवढे खपलीचे ठिपके उठले, तर तो सोरायसिसचाच एक प्रकार असू शकतो. डॉक्टरांकडून ‘संसर्गजन्य नाही’ अशी सहीशिक्क्याची चिठ्ठी घ्या, तिच्या दोन प्रती काढा, एक अधीक्षकांना, एक वर्गशिक्षकांना द्या. गणवेशाचं कापड अंगाला टोचत असेल तर खाली सुती बनियन घालायची परवानगी मागा. मुलाच्या पेटीत तेलाची बाटली आणि मऊ पंचा असू द्या, आणि पाठीला तेल लावायला त्याचा एक मित्र ठरवून द्या. मुलं हे काम मोठ्यांपेक्षा कमी कुरकुर करत करतात.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे निघणाऱ्या कुटुंबांची अडचण अशी की आजार वाढायचा मोसम आणि गाव सोडायचा मोसम एकच असतो. कार्तिकापासून शिवरात्रीपर्यंत हवा कोरडी, कोपीत थंडी, आंघोळीला पाणी मोजकं. निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून परत येईपर्यंत पुरेल एवढं औषध लिहून घ्या. चालू असलेली गोळी मध्येच संपू देणं सगळ्यांत वाईट. मोठ्या डब्यात व्हॅसलीन, दोन सुती चादरी, जुने सुती शर्ट, औषधाच्या चिठ्ठीचा मोबाइलमध्ये फोटो. पाणी कमी असेल त्या दिवशी आंघोळ चुकली तरी चालेल, ओल्या फडक्याने अंग टिपून तेल लावणं चुकवू नका. इथे असताना जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातून ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलता येतं का ते विचारा. प्रत्यक्ष दाखवायचं तर नंदुरबारचं शासकीय रुग्णालय आहे, पुढे धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय.

तीन प्रसंगी घरच्या काळजीवर थांबू नका. सकाळी उठल्यावर बोटं, गुडघे, कंबर अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडत असतील, एखादं बोट किंवा टाच सुजत असेल, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडत असतील, तर सांध्यांचा सोरायसिस सुरू झालेला असू शकतो. दर दहा रुग्णांतल्या तिघांपर्यंत तो होतो आणि सांधा एकदा झिजला की परत येत नाही, त्यामुळे त्या आठवड्यातच दाखवा. चट्टे साधारण दहा तळव्यांहून जास्त जागा व्यापत असतील, तर नुसत्या मलमावर वेळ घालवू नका. गोळ्यांचा किंवा दिव्यांचा विचार डॉक्टरांना करू द्या. आणि सारं अंग लालबुंद झालं, हुडहुडी भरली, ताप आला, किंवा अंगभर पुवाचे बारीक फोड उठले, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, रुग्णाला सुती चादरीत गुंडाळा, पाणी पाजत राहा आणि निघा. मागच्या दोन महिन्यांत घेतलेली प्रत्येक गोळी, पुडी, रिकामी ट्यूब, इंजेक्शनाची चिठ्ठी एका पिशवीत घालून सोबत घ्या. दारात डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.